ब्लिट्झमध्ये व्हिएन्ना गॅम्बिट: आधी ३...डी५ शिका, सापळे नंतर

चौसष्टघरे

ब्लिट्झमध्ये, म्हणजे ३+२, ३+० किंवा ५+० खेळताना (डावाची मिनिटं + प्रत्येक चालीमागे मिळणारे जादा सेकंद) पांढऱ्याकडून व्हिएन्ना गॅम्बिट (सुरुवातीलाच प्यादं देऊ करणारी ओपनिंग) वापरणाऱ्यांसाठी हा धागा काढतोय. चाली अशा लिहू: घो म्हणजे घोडा, उं उंट, ह हत्ती, व वजीर, रा राजा. प्याद्याच्या चालीला फक्त घराचं नाव. ×  म्हणजे मारलं, + म्हणजे शह. ०-० छोटी किल्लेबंदी, ०-०-० मोठी. आकड्यानंतर तीन टिंबं असली की ती काळ्याची चाल. ! म्हणजे चांगली चाल, ? म्हणजे चूक.

मूळ चाली: १. ई४ ई५ २. घोसी३ घोएफ६ ३. एफ४. डेटाबेसमध्ये शोधायचं असेल तर ही ओपनिंग सी२९ या कोडखाली मिळते.

या ओपनिंगचे व्हिडिओ बहुतेक ३...ई×एफ४ किंवा ३...घोसी६ वरच्या झटपट विजयांचे असतात. ते बघून खेळायला बसलं की पहिले काही डाव झकास जातात. मग रेटिंग थोडं वर गेलं की समोरचे ३...डी५ खेळायला लागतात आणि सगळा ओघ थांबतो. म्हणून माझं ठाम मत: तयारीचा निम्म्याहून जास्त वेळ ३...डी५ ला द्या. बाकीच्या लाईनमध्ये पांढऱ्याच्या चाली सोप्या आहेत, पटावर बसूनही सापडतात. ३...डी५ मध्ये मात्र एक चाल चुकली तर काळ्याचाच डाव सोपा होतो.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. एफ प्यादं पुढे गेलं की दोन वाटा उघडतात. एक आपली: एफची उभी पट्टी, जिच्या टोकाला एफ७ आहे. दुसरी त्याची: ई१ पासून एच४ पर्यंतची तिरकी रेषा, जिच्यावरून काळा वजीर एच४ वर येऊन शह देतो. या ओपनिंगमधली जवळजवळ प्रत्येक भानगड वएच४+ पाशी येऊन ठेपते. घोडा एफ३ वर असेल तर एच४ बंद. नसेल तर प्रत्येक चालीआधी एकदा एच४ कडे बघायचं. ही एक सवय लागली तरी अर्धी थिअरी पाठ नसताना चालतं.

३...डी५ ला एकच उत्तर: ४. एफ×ई५. इथे ४. ई×डी५ करू नका. ४...घो×डी५ ५. एफ×ई५ घो×सी३ ६. बी×सी३ वएच४+ आणि आता ७. जी३ ला ७...वई४+ ने राजा आणि एच१ चा हत्ती दोन्ही सापडतात, म्हणजे राजाला ई२ वर चालत जावं लागतं. पुन्हा तेच एच४.

४. एफ×ई५ घो×ई४ नंतर तीन रस्ते आहेत: ५. घोएफ३, ५. वएफ३, ५. डी३. मी ५. घोएफ३ च्या बाजूने आहे. कारण वर सांगितलंच, एच४ बंद होतं. इतरांची मतं वाचायला आवडतील.

---

तिरका_उंट

चांगला विषय. पण ५. वएफ३ ला इतक्या लवकर बाजूला सारू नका. ब्लिट्झमध्ये तिचे दोन मोठे फायदे आहेत: ई४ च्या घोड्यावर लगेच दुसरा हल्ला येतो, आणि एफ७ कडे वजिराची नजर लागते. काळ्याने सरळ ५...घो×सी३ केलं तर ६. बी×सी३ आणि पुढची मांडणी डोळे मिटून करता येते: डी४, उंडी३, घोई२ किंवा वजीर जी३ वर नेऊन घोएफ३, मग ०-०. सगळी मोहरी राजाच्या बाजूला रोखलेली.

मात्र एक जागा पाठच हवी. ५...घोसी६! ही सापळ्याची चाल आहे. ६. घो×ई४? घेतलं की ६...घोडी४! आणि वजिरावर हल्ला, शिवाय सी२ वर नजर. ७. वडी३ डी×ई४ ८. व×ई४ उंएफ५! आता डी४ चा घोडा मारता येत नाही, त्याला डी८ च्या वजिराचा जोर आहे. एफ५ चा उंटही मारता येत नाही, त्याला त्याच घोड्याचा जोर आहे. आणि वजीर हलला की सी२ वर शहासकट घाला. या क्रमात पांढऱ्याच्या चाली ‘मोफतचा घोडा मिळतोय’ अशाच वाटतात, म्हणून घाईत माणूस फसतो.

बरोबर उत्तर ६. उंबी५. त्यापुढे ६...घो×सी३ ७. डी×सी३ वएच४+ ८. जी३ वई४+ ९. व×ई४ डी×ई४ १०. उं×सी६+ बी×सी६ ११. घोई२. वजिरावजिरी झालेली, प्यादी समसमान, काळ्याकडे दोन उंट पण सी६, सी७ आणि ई४ ही तीन प्यादी सुटी पडलेली. बरोबरीचा डाव आहे.

---

चौसष्टघरे

तिरका_उंट, लाईन अचूक दिलीत. माझा आक्षेप नेमका शेवटच्या वाक्यावर आहे. धारदार ओपनिंग निवडायची आणि समोरच्याला माहिती असेल तर ११ व्या चालीला वजीर नसलेल्या बरोबरीच्या डावात बसायचं, हे ३+० मध्ये परवडतं का? ज्याला असे डाव आवडतात त्याला हो. ज्याने हल्ल्यासाठी ही ओपनिंग उचलली त्याला नाही.

आणि तिथे एक खड्डाही आहे. ११. घोई२ ला काळा ११...उंजी४ खेळला की सवयीने १२. ०-० होतं. पण ई२ च्या घोड्याला तेव्हा फक्त राजाचा जोर असतो, कारण पांढरा उंट सी६ वर मारामारीत गेलेला आणि वजीरही नाही. राजा जी१ वर गेला की १२...उं×ई२ आणि वर एफ१ च्या हत्तीवर हल्ला. सरळ एक मोहरा गेला. किल्लेबंदी न करता १२. उंएफ४ खेळायचं, ई५ च्या प्याद्याला जोर द्यायचा. १२...उंएफ३ आलं तर हत्ती एफ१ वर. राजा मध्येच ठेवायचा, वजीर नाहीत म्हणून त्याला धोका नाही.

---

टिकटिक

ओपनिंगच्या लाईन इतर प्रतिसादांत येतीलच, मी घड्याळाबद्दल लिहिते.

३+० मध्ये १८० सेकंद. ४० चालींचा डाव धरला तर चालीला साडेचार सेकंद. ३+२ मध्ये ४० चालींना एकूण २६० सेकंद, म्हणजे साडेसहा. फरक छोटा दिसतो, पण गॅम्बिटच्या दृष्टीने तो फार मोठा आहे. ३+० मध्ये हल्ला फसला तरी समोरच्याची वेळ संपू शकते. ३+२ मध्ये एक मोहरा जास्त असलेला माणूस दोन-दोन सेकंदांवर डाव निवांत संपवतो. त्यामुळे ज्या लाईनमध्ये तुम्ही पूर्ण घोडा देता, त्या ३+० आणि बुलेटमध्ये (त्याहूनही वेगवान डाव) खेळा. ३+२ आणि ५+३ मध्ये मोबदला नक्की दिसत असेल तरच.

वेळेची वाटणी मी अशी सुचवेन (३+२ साठी):

पहिल्या सहा चाली मिळून १० सेकंदांच्या आत. इथे विचार करावा लागत असेल तर ती लाईन अजून खेळण्याइतकी तयार नाही.

तुमची तयारी जिथे संपते, साधारण ७ ते ९ व्या चालीला, तिथे एकदाच २५ ते ३० सेकंद घालवा. बहुतेक जण उलट करतात: तिथे वेगात पुढे जातात आणि मग १४ व्या चालीला, डाव बिघडल्यावर, मिनिटभर विचार करतात. तयारी संपल्याक्षणी तीन प्रश्न विचारायचे. माझा राजा कुठल्या बाजूला जाणार? त्याचा सर्वांत त्रासदायक शह कोणता? माझं कोणतं मोहरं अजून घरीच आहे? या तिघांची उत्तरं मिळाली की पुढच्या पाच-सहा चाली आपोआप ठरतात.

१५ व्या चालीला घड्याळात १:४५ शिल्लक असावेत. त्याहून कमी असतील तर गुंतागुंत वाढवणारी चाल टाळा, भले ती इंजिनच्या (बुद्धिबळाच्या संगणक-प्रोग्रामच्या) मते सरस असो.

समोरचा वेगात खेळतोय म्हणून आपण वेगात खेळायचं नाही. ३...डी५ कोणी अर्ध्या सेकंदात खेळलं तर त्याला पुढचंही माहीत आहे असं समजा आणि सापळ्यावर भरवसा ठेवू नका. २० सेकंद घेऊन ३...घोसी६ खेळला, तर तो तुमच्या तयारीत आलेला आहे.

---

पटावरचा_नवखा

मला सोप्या लाईनचंच विचारायचं आहे. ३...ई×एफ४ नंतर ४. ई५ माहीत आहे. पण ४...वई७ खेळून ई५ चं प्यादं अडकवतात तेव्हा काय करायचं?

---

चौसष्टघरे

५. वई२. तुमच्या राजासमोर वजीर आला की ई५ चं प्यादं मोकळं झालं, घोड्याला परत जावंच लागतं: ५...घोजी८ ६. घोएफ३. इथे काळा बऱ्याचदा ६...डी६ करतो, ई५ फोडायला. त्याला ७. घोडी५! वजिरावर हल्ला आणि सी७ वर नजर एकाच वेळी. ७...वडी८ ला ८. ई×डी६+, ई पट्टीवरून तुमच्या वजिराचा शह उघडतो आणि सी७ कोलमडतं. ही जागा ओळखीची झाली की विचार करायला एक सेकंदही लागत नाही.

वई७ न करता सरळ ४...घोजी८ आलं तर ५. घोएफ३ हीच चाल, कारण तेच, एच४ बंद. इथे घाईने ५. डी४ केलं तर ५...वएच४+ आणि राजा ई२ वर. घोडा आधी, डी४ नंतर, मग उं×एफ४ ने प्यादं परत. काळ्याचं एकही मोहरं घराबाहेर नसतं.

५...जी५ करून प्यादं धरून ठेवणारेही भेटतील. ६. डी४ जी४ ७. उं×एफ४ जी×एफ३ ८. व×एफ३. एक घोडा दिला, पण पटावर बघा: तुमचा वजीर, उंट, घोडा बाहेर, पुढच्या दोन चालींत ०-०-०. काळ्याचं एकही मोहरं घराबाहेर नाही आणि जी प्यादं गेलेलं. टिकटिक यांनी वर सांगितलेली अट इथे लागू होते: ३+० मध्ये बिनधास्त, ३+२ मध्ये हल्ल्याचा सराव असेल तर.

---

काळ्या_बाजूने

समोरच्या बाजूनेही लिहायला हवं, कारण व्हिएन्ना खेळणाऱ्यांना काळा कसा विचार करतो ते कळलं तर त्यांचाच फायदा.

काळ्यासाठी ३...डी५ सोडून काहीही निवडण्यात अर्थ नाही. ३...डी६ खेळता येतं, पण पट आखडतो: ४. घोएफ३ घोसी६ ५. उंबी५ आणि पांढरा निवांत पुढे येतो. ३...उंबी४ तर चूकच आहे. ४. एफ×ई५ उं×सी३ ५. डी×सी३ घो×ई४ ६. वजी४! एकाच चालीत ई४ चा घोडा आणि जी७ चं प्यादं. ६...डी५ करून वजिरावर उंट आणला तरी ७. व×जी७, आणि ७...वएच४+ ८. जी३ घो×जी३ ला ९. व×एच८+ ने हत्ती शहासकट जातो.

३...डी५ ४. एफ×ई५ घो×ई४ ५. घोएफ३ नंतर काळ्याकडे चार खेळी आहेत आणि चारही भेटतात. ५...उंई७ सगळ्यात भक्कम. काळा ०-० करतो आणि मग एफ६ किंवा एफ५ ने ई५ चं प्यादं फोडायला बघतो. ते प्यादं फुटलं की पांढऱ्याच्या हल्ल्याचा कणा गेला. म्हणून काळ्याला इथे धीर धरणं महत्त्वाचं, ई४ चा घोडा स्वतःहून लवकर मारून टाकायचा नाही.

५...उंसी५ जास्त तिखट. पुढची धमकी घोएफ२ आहे, वजीर आणि हत्ती एकदम. शिवाय उंएफ२+ ही आहेच. पांढऱ्याने ताबडतोब ६. डी४ करून उंटाची रेषा बंद केली तर फार काही उरत नाही, ६...उंबी४ ७. उंडी२ आणि डाव खुला. पण ६. डी४ सोडून दुसरं काही केलं की काळा पुढे असतो.

---

तिरका_उंट

५...उंजी४ राहिलं. ती ब्लिट्झमध्ये बरीच येते कारण पिन करणं (मागच्या मोठ्या मोहऱ्यामुळे पुढचं मोहरं जखडून ठेवणं) हाताच्या सवयीचं झालेलं असतं.

६. वई२ हे उत्तर. आता ६...घोसी५ ७. डी४ उं×एफ३ ८. व×एफ३ वएच४+ ९. जी३ व×डी४. घोडा एफ३ वरून गेला आणि लगेच एच४ चा शह आला हे लक्षात घ्या. इथे पांढरा घाबरून डी४ च्या प्याद्याचा शोक करत बसतो. १०. उंई३! खेळा. १०...व×ई५ ११. ०-०-०. दोन प्यादी गेली, पण काळ्याचा राजा मध्ये, वजीर उघड्यावर, डी५ वर तुमचा घोडा, वजीर आणि हत्ती तिघांची नजर. काळ्याने ११...सी६ करून डी५ आवळलं तरी १२. घो×डी५ सी×डी५ १३. ह×डी५ आणि हत्ती वजिरावर. हा हल्ला हाताने खेळून बघितल्याशिवाय त्याच्यावर विश्वास बसत नाही, म्हणून इंजिनासमोर काळे मोहरे देऊन दहा-बारा वेळा खेळा.

---

चौसष्टघरे

आता ५...उंई७, कारण काळ्या_बाजूने म्हणतात तसं हेच सर्वांत भक्कम आणि इथेच ओपनिंगचा कस लागतो.

पुस्तकी रस्ता ६. डी४ ०-० ७. उंडी३ एफ५ ८. ई×एफ६ उं×एफ६ ९. ०-० घोसी६. चांगला आहे, पण त्यापुढे १०. घो×ई४ डी×ई४ ११. उं×ई४ घो×डी४ वगैरे मारामारी होऊन पट सपाट होतो. चाली लक्षात ठेवायला लागतात आणि हाती बरोबरी.

ब्लिट्झसाठी मी ६. वई२ सुचवेन. घोड्याला विचारायचं, बसतोस की जातोस? ६...घो×सी३ ला ७. डी×सी३, बी प्याद्याने नाही. आता मांडणी एका दमात सांगता येते: उंएफ४, ०-०-०, एच४, मग जी३ आणि एफ१ चा उंट एच३ किंवा जी२ कडे. काळा ०-० करून बसला असेल तर एच४-एच५ ही प्यादी चालवत न्यायची. वजीर ई२ वर असल्याने उंटाची वाट अडते ही या मांडणीतली एकमेव अडचण, त्यासाठीच जी३.

काळ्याचा उलट हल्ला कसा येतो तेही बघून ठेवा: सी५, घोसी६, उंई६, वए५. वजीर ए५ वर आला की ए२ वर नजर. मग तो डी४ करतो. डी४ ने दोन गोष्टी होतात: सी३ वर दाब येतो आणि ई६ च्या उंटाची ए२ पर्यंतची रेषा उघडते. राजा बी१ वर असला तरी ए२ वर हल्ला करणारे दोन, जोर देणारा एक. इथे सी×डी४ करणारे बहुतेक डाव हरतात. सी४! करा. प्यादं सी४ वर गेलं की उंटाची रेषा पुन्हा बंद, सी४ ला ई२ च्या वजिराचा जोर, आणि ए२ साठी एकटा वजीर काही करू शकत नाही. एच४ नंतर लगेच राबी१ करून ठेवा, आणि डी४ दिसलं की सी४. हे दोन टप्पे जोडून लक्षात ठेवायचे.

५...घोसी६ लाही ६. वई२ आणि घो×सी३ ला डी×सी३ हीच मांडणी. एकाच आराखड्यात दोन उत्तरं बसतात, हा ब्लिट्झमध्ये मोठा फायदा.

---

टिकटिक

प्रीमूव्हबद्दल, म्हणजे समोरच्याची चाल येण्याआधीच आपली चाल लावून ठेवण्याबद्दल, लिहायचं राहिलं होतं.

१. ई४ नंतर २. घोसी३ प्रीमूव्ह करायला हरकत नाही. समोरचा १...सी५, १...ई६, १...सी६, अगदी १...डी५ खेळला तरी घोसी३ ही चालणारी चाल आहे.

३. एफ४ मात्र कधीही प्रीमूव्ह करू नका. समोरचा २...उंसी५ खेळला असेल तर ३. एफ४ ला ३...उं×जी१! ४. ह×जी१ वएच४+ ५. जी३ व×एच२. प्यादं गेलं, आणि हत्ती हलल्यामुळे छोट्या किल्लेबंदीचा हक्कही गेला. घोडा एफ६ वर आलेला डोळ्यांनी दिसल्यावरच एफ४. नियम इतका साधा आहे.

४. एफ×ई५ चा प्रीमूव्ह सोयीचा आहे. ३...डी५, ३...घोसी६, ३...उंबी४ तिघांनाही तेच उत्तर. ३...ई×एफ४ आलं तर तुमचं प्यादंच मारलं गेलं, म्हणून प्रीमूव्ह आपोआप रद्द होतो. फक्त ३...डी६ ला तो थोडा निस्तेज ठरतो, ४...डी×ई५ ने काळ्याला मोकळीक मिळते. तेवढी किंमत बुलेटमध्ये द्यायला हरकत नाही, ३+२ मध्ये देऊ नका.

शहाच्या उत्तरांचे प्रीमूव्ह तर मुळीच नकोत. वएच४+ ला जी३ हे बोटांत बसलेलं असतं, पण वई४+ ची दुहेरी मार बसणारी स्थिती असेल तर जी३ नेच हत्ती जातो.

---

पटावरचा_नवखा

मग २...उंसी५ आणि २...घोसी६ ला काय खेळायचं? एफ४ नाही तर सगळी मजाच गेली.

---

तिरका_उंट

मजा जात नाही, वेगळी होते.

२...उंसी५ ला ३. घोएफ३. काळा नेहमीच्या सवयीने ३...घोसी६ खेळला तर ४. घो×ई५! घो×ई५ ५. डी४ आणि प्याद्याने उंट-घोडा एकदम पकडले, मोहरा परत मिळतो आणि मधली जागा तुमची. ४...उं×एफ२+ ५. रा×एफ२ घो×ई५ ६. डी४ लाही तेच: किल्लेबंदी गेली पण दोन उंट आणि ताकदवान मध्य. ३...डी६ बरोबर, तेव्हा ४. डी४ ई×डी४ ५. घो×डी४ करून निरोगी डाव खेळा.

२...घोसी६ ला ३. एफ४ चालतं. ३...ई×एफ४ ४. घोएफ३ जी५ ५. एच४ जी४ ६. घोजी५ हा हॅम्पे-आल्गायर गॅम्बिट. एच६ आलं की घोडा एफ७ वर द्यावाच लागतो. व्हिएन्नातले कार्ल हॅम्पे हे या सगळ्या घराण्याचे मूळ पुरुष, १८७२ सालचा त्यांचा माइटनरविरुद्धचा डाव ‘अमर बरोबरी’ म्हणून प्रसिद्ध आहे, तोही २. घोसी३ चाच. डाव जरूर बघा. पण तो बघून ३+२ मध्ये घोडा देऊ नका.

३. उंसी४ जास्त व्यवहारी. ३...उंसी५ ला ४. वजी४! जी७ वर हल्ला. हाताला सुचणारी चाल ४...वएफ६ ही चुकीची: ५. घोडी५! व×एफ२+ ६. राडी१ आणि आता सी७ वर घोडा, जी७ वर वजीर, शिवाय घोएच३ ने काळ्या वजिराला हाकलता येतं. बरोबर ४...जी६ किंवा ४...राएफ८. जी६ ला ५. वएफ३ करून एफ७ वर धमकी, ५...घोएफ६ ६. घोजीई२ (जी१ चा घोडा ई२ वर). जी६ मुळे काळ्याच्या राजाजवळची काळी घरं कायमची कमजोर, त्यावर डाव उभा करता येतो. ३...घोएफ६ ला शांतपणे ४. डी३.

---

काळ्या_बाजूने

सरावाबद्दल एक सूचना. ३...डी५ ४. एफ×ई५ घो×ई४ ही स्थिती मांडा आणि तिथून इंजिनाशी किंवा मित्राशी दोन्ही बाजूंनी खेळा, ३+२ च्या घड्याळावर. सुरुवातीपासून खेळलं तर ही स्थिती क्वचित येते आणि सराव होत नाही. खऱ्या डावानंतर पूर्ण विश्लेषण करत बसू नका, दोन मिनिटं पुरतात: तुमच्या तयारीतून पहिला बाहेर कोण पडला, कितव्या चालीला, आणि तिथे काय खेळायला हवं होतं. तेवढं एका ओळीत लिहून ठेवा. इंजिनची आकडेवारी (प्याद्यांच्या हिशेबात मोजलेली आघाडी, + पांढऱ्याची, − काळ्याची) बघताना +०.३ आणि −०.३ यातला फरक विसरा, ब्लिट्झमध्ये त्याला अर्थ नाही. पुढच्या तीन चाली कोणाला सोप्या आहेत, ते बघा.

५. डी३ चं कोणी बोललं नाही. ५...वएच४+ ६. जी३ घो×जी३ ७. घोएफ३ वएच५ ८. घो×डी५ हे जंगल आहे, पांढऱ्याला पूर्ण पाठ असेल तर जमतं. पण काळा ५...घो×सी३ ६. बी×सी३ डी४ खेळला की जंगल संपतं आणि काळ्याला काही त्रास उरत नाही. म्हणून शिकण्याच्या क्रमात ती शेवटी ठेवा.

---

पटावरचा_नवखा

सगळ्यांचे आभार. शेवटचा प्रश्न: ३...घोसी६ ला ४. एफ×ई५ घो×ई५ ५. डी४ घोजी६ ६. ई५ घोजी८. इथपर्यंत येतो, स्थिती फार छान दिसते आणि तरी डाव हातातून निसटतो. काय चुकत असेल?

---

चौसष्टघरे

बहुधा दोन गोष्टी. एक: ७. घोएफ३ आधी व्हायला हवं. काळ्याचे दोन्ही घोडे मागे ढकलले म्हणून लगेच हल्ला सुरू केला की वएच४+ बसतो, आणि इथे जी६ चा घोडाही त्याच भागात मदतीला असतो. घोएफ३, मग उंडी३ किंवा उंसी४, मग ०-०. हत्ती एफ१ वर आला की एफ पट्टी आपोआप बोलू लागते.

दोन: काळा डी६ करतो तेव्हा ई×डी६ करण्याची घाई. त्याने ई५ चं प्यादं, म्हणजे तुमची सगळी कमाई, तुम्हीच देऊन टाकता आणि त्याच्या एफ८ च्या उंटाला फुकट रस्ता मिळतो. त्याला ई५ वर मारू द्या. तुम्ही प्याद्याने परत घेता आणि ई५ तुमच्याकडेच राहतं. किल्लेबंदी आधीच झालेली असेल तर घोड्याने घ्या, म्हणजे एफ पट्टी मोकळी होऊन हत्ती थेट एफ७ वर येतो. किल्लेबंदी व्हायची असताना घोड्याने घेतलं, तर एफ३ रिकामं होतं आणि एच४ पुन्हा उघडतं.